सरकारची काटकसर आणि घरचा भार

महिनाअखेर घरखर्चाची वही घेऊन बसणाऱ्या प्रत्येक गृहिणीस अनुभवानें ठाऊक असतें कीं, काटकसर दोन प्रकारची असते. रिकाम्या खोलींत विनाकारण जळणारा दिवा मालवला तर तेवढा खर्च खरोखरच वांचतो. परंतु भांडीं घासणाऱ्या बाईस रजा दिली तर वहींतला आंकडा कमी होतो खरा; भांडीं मात्र आपोआप घासलीं जात नाहींत. तीं कोणास तरी घासावींच लागतात, आणि तें 'कोणी तरी' कोण हें वहींत कोठेंच लिहिलेलें नसतें. पहिल्या प्रकारांत पैसा वांचतो. दुसऱ्या प्रकारांत काम एका हातांतून दुसऱ्या हातांत जातें, आणि पैसा वांचल्याचा नुसता भास होतो.

घरच्या वहीची ही कसोटी राष्ट्राच्या अंदाजपत्रकासहि लावून पाहण्यासारखी आहे. २०२५ सालीं विलायतेंत अपंगांना मिळणाऱ्या सरकारी मदतींत कपात करण्याचा एक मोठा बेत मांडण्यांत आला, आणि त्यावरून तेथील पार्लमेंटांत व घराघरांत बरीच खळबळ उडाली. आपल्याकडील कितीएक घरांतील मुलगे, मुली, जावई, भाचे हल्लीं त्या देशांत वैद्यकी, परिचर्या, अध्यापन इत्यादि व्यवसायांनिमित्त राहिलेले आहेत. तात्पुरत्या परवान्यावर राहणाऱ्यांस ही मदत मिळत नाहीं; पण जे तेथील कायमचे रहिवासी वा नागरिक झाले, त्यांच्या घरांत उद्यां कोणी अंथरुणास खिळलें तर त्यांचा ह्या कायद्याशीं संबंध येणारच. परंतु ह्या प्रश्नाकडे पाहण्याचें एवढेंच कारण नव्हे. अपंग माणसाच्या सेवेचें ओझें राज्यानें किती उचलावें आणि घरानें किती, हा प्रश्न ज्या घरांत अर्धांगानें पडलेले वडील, संधिवातानें जखडलेली सासू किंवा जन्मतः पंगु असलेलें मूल आहे, अशा प्रत्येक घराचा आहे.

बेत काय होता?

१८ मार्च २०२५ रोजीं ब्रिटनच्या मजूर पक्षाच्या सरकारांतील काम व पेन्शन खात्याच्या मंत्री लिझ केंडॉल यांनीं पार्लमेंटापुढें एक विचारपत्रक ठेविलें. आजार व अपंगत्व यांपायीं सरकारास जो खर्च येतो, त्यांत २०२९-३० सालापर्यंत वर्षास सुमारें पांच अब्ज पौंडांची बचत व्हावी, असा त्यामागील उद्देश होता. तो साधण्याचे मुख्य मार्ग दोन होते. काम करण्यास असमर्थ अशा गरीब माणसास 'युनिव्हर्सल क्रेडिट' ह्या मदतींत आजारापोटीं जी वाढीव रक्कम मिळते, ती नव्या अर्जदारांपुरती आठवड्यास ९७ पौंडांवरून सुमारें ५० पौंडांवर आणावी, हा एक मार्ग. आणि 'पर्सनल इंडिपेंडन्स पेमेंट' नांवाच्या भत्त्याचे नियम कडक करावे, हा दुसरा. खरा वाद ह्या दुसऱ्या मार्गावरून झाला. ह्या भत्त्यास आपण येथें सोयीसाठीं 'स्वावलंबन-भत्ता' म्हणूं.

हा भत्ता २०१३ सालीं सुरू झाला. २०२५ सालीं इंग्लंड व वेल्स मिळून सुमारें ३७ लक्ष लोकांस तो मिळत होता. त्याचें वैशिष्ट्य असें कीं, तो दारिद्र्याबद्दल दिला जात नाहीं आणि बेकारीबद्दलहि दिला जात नाहीं. मनुष्य मिळवता असो वा नसो, अपंगत्वामुळें जगण्यास जो अधिक खर्च लागतो त्याची अंशतः भरपाई म्हणून तो दिला जातो. धडधाकट मनुष्य बसगाडीनें जातो, तेथें पाय अधू असलेल्यास टॅक्सी करावी लागते. ज्याचें शरीर हलत नाहीं त्याच्या खोलींत दिवसभर ऊब राखावी लागते. ज्यास अंथरूण वरचेवर धुवावें लागतें त्याच्या घरीं वीज व साबण दुप्पट लागतात. 'स्कोप' ह्या तेथील संस्थेनें २०२४ सालीं असा अंदाज केला होता कीं, अपंग माणूस असलेल्या घरास इतरांसारखें राहणीमान राखण्यासाठीं महिन्यास सरासरीनें १,०१० पौंड अधिक लागतात. भत्ता मिळणाऱ्यांपैकीं सहांतील सुमारें एक जण नोकरी करणारा असतो. कितीएकांस तर ह्या भत्त्यामुळेंच कामावर जातां येतें.

कमरेची सीमारेषा

हा भत्ता कोणास द्यावयाचा हें ठरविण्यासाठीं एक परीक्षा घेतात. रोजच्या जीवनांतील दहा गोष्टी तींत तपासल्या जातात: स्वयंपाक करणें, जेवणें, औषधोपचार सांभाळणें, अंघोळ, शौच, कपडे घालणें, बोलणें व ऐकणें, वाचणें, माणसांत मिसळणें, आणि पैशाचे व्यवहार समजणें. प्रत्येक गोष्टींत जेवढी अडचण अधिक, तेवढे गुण अधिक. एकंदर आठ गुण झाले तर खालच्या दरानें आणि बारा झाले तर वरच्या दरानें भत्ता मिळतो. २०२५-२६ सालीं खालचा दर आठवड्यास ७३ पौंड ९० पेन्स, आणि वरचा ११० पौंड ४० पेन्स होता. चालण्या-फिरण्याच्या अडचणीसाठीं ह्याहून वेगळा भत्ता आहे.

सरकारचा बेत असा कीं, नोव्हेंबर २०२६ पासून केवळ एकूण आठ गुण पुरे धरूं नयेत. दहांपैकीं निदान एका गोष्टींत तरी चार गुण असलेच पाहिजेत. वरवर पाहतां हा किरकोळ फेरफार वाटतो. त्याचा खरा अर्थ कळण्यासाठीं एक उदाहरण घेऊं. समजा, पन्नाशी उलटलेली एक बाई संधिवातानें आजारी आहे. तिला भाजी चिरण्यास विशिष्ट साधन लागतें: दोन गुण. अंघोळींत केंस व कमरेखालचा भाग धुण्यास दुसऱ्याची मदत लागते: दोन गुण. कमरेखालचे कपडे दुसऱ्यानें चढवावे लागतात: दोन गुण. शौचास बसण्यास उंच बैठक व आधाराच्या दांड्या लागतात: दोन गुण. झाले आठ. चालू नियमाप्रमाणें तिला भत्ता मिळतो. नियोजित नियमाप्रमाणें तिला एक पेनीहि मिळाली नसती. कारण तिच्या कोणत्याहि एका गोष्टींत चार गुण नाहींत.

आतां हीच बाई कमरेखालीं स्वतः धुवूं शकत असती, आणि कमरेपासून खांद्यांपर्यंतचा भाग मात्र दुसऱ्यानें धुवावा लागत असता, तर तिला अंघोळींत चार गुण मिळाले असते, आणि इतर दोन गोष्टींतले दोन दोन मिळून ती पात्र ठरली असती. मनुष्याच्या परावलंबनाची मर्यादा कमरेच्या वर आहे कीं खालीं, एवढ्यावरून वर्षास ३,८०० हून अधिक पौंडांचा निकाल लागावा, हा न्याय कोणत्या गृहिणीस पटेल? आजाऱ्यास न्हाऊं घालणारीस विचारा. अर्ध्या अंगास पाणी घालून घरकामाला जातां येतें काय? चार लहान अडचणी म्हणजे एका मोठ्या अडचणीपेक्षां हलकें ओझें, असें परीक्षकाच्या तक्त्यांत दिसत असेल. पण ज्या घरांत सकाळीं उठल्यापासून रात्रीं निजेपर्यंत दर दोन तासांनीं कोणीतरी हाक मारतें, त्या घरांत त्याच्या उलटच अनुभव येतो.

ह्या नियमाचा आघात कोणावर झाला असता हें सरकारी आंकड्यांवरूनच दिसून आलें. खालच्या दराचा भत्ता मिळणाऱ्यांपैकीं शेंकडा ८७ जणांस कोणत्याहि एका गोष्टींत चार गुण नव्हते. संधिवात व पाठीचे विकार असलेल्यांत तर एकंदर भत्तेकऱ्यांपैकीं तीन चतुर्थांशांहून अधिक माणसें ह्या वर्गांत पडत होतीं. २०२९-३० सालापर्यंत आजचे ३ लक्ष ७० हजार लोक भत्त्यास मुकतील, आणि पुढें अर्ज करणाऱ्यांपैकीं ४ लक्ष ३० हजारांस जो मिळाला असता तो मिळणार नाहीं, असा अंदाज होता. प्रत्येकाचें सरासरी नुकसान वर्षास ४,५०० पौंडांचें होतें. सगळ्या फेरफारांचा एकत्र हिशेब करतां सुमारें अडीच लक्ष माणसें नव्यानें दारिद्र्याच्या रेषेखालीं जातील, व त्यांत ५० हजार मुलें असतील, असें सरकारच्याच अहवालांत म्हटलें होतें.

सरकारची बाजू

येथें सरकारची बाजूहि नीट ऐकून घेतली पाहिजे. करोनाच्या साथीनंतर ह्या भत्त्यासाठीं मंजूर होणाऱ्या नव्या अर्जांची दरमहाची संख्या पूर्वीच्या सुमारें दुप्पट झाली. तरुण वयांतले आणि मानसिक विकारांनीं त्रस्त असलेले अर्जदार पुष्कळ वाढले. राष्ट्रावर कर्ज आहे, व्याजाचा बोजा आहे, आणि जो पैसा येथें जातो तो शाळांना व इस्पितळांना उणा पडतो. जे काम करूं शकतात त्यांस कामाचा मार्ग दाखवावा, असेंहि सरकारचें म्हणणें होतें. त्यासाठीं वर्षास एक अब्ज पौंड खर्चण्याची तयारी त्यानें दाखविली होती, आणि साध्या युनिव्हर्सल क्रेडिटची रक्कम महागाईहून अधिक वाढविण्याचेंहि कबूल केलें होतें. त्या वाढीमुळें सुमारें ३८ लक्ष कुटुंबांस थोडाफार लाभ होणार होता. हीं सारीं म्हणणीं उडवून लावण्यासारखीं नाहींत. ज्या मदतीचा खर्च वर्षानुवर्षें वाढत जातो तिची चौकशी करणें हें कोणत्याहि सरकारचें कर्तव्यच आहे.

परंतु चौकशी करून नियम ठरविणें निराळें, आणि आंकडा ठरवून त्यांत बसेल असा नियम शोधणें निराळें. ह्या बेतांत आंकडा आधीं आला असें दिसतें. मार्चअखेरच्या आर्थिक निवेदनाच्या वेळीं अपेक्षित बचत पुरी भरत नाहीं असें आढळतांच, आजारी माणसाच्या वाढीव रकमेस आणखी कात्री लावण्यांत आली. त्या आठवड्यांत देशांतील आजार कांहीं कमी झाला नव्हता. हिशेबाचा ताळा तेवढा जुळत नव्हता. वैद्य रोग्याची नाडी पाहून औषधाची मात्रा ठरवितो. येथें बाटलींत किती उरलें आहे तें पाहून नाडी ठरविण्याचा प्रकार झाला.

शिवाय, हा भत्ता कमी केला म्हणजे माणसें कामास लागतील, ह्या युक्तिवादांत एक मूलभूत घोटाळा आहे. भत्ता आळसाबद्दल मिळत नाहीं. तेव्हां तो काढून घेतल्यानें आळस जाणार नाहीं. जी व्यक्ति त्याच पैशांतून टॅक्सी करून कचेरींत जात होती, तिची मात्र कचेरी सुटण्याचा संभव आहे.

असा प्रयत्न पूर्वींहि झालेला आहे. २०१० सालीं हुजूर पक्षाच्या नेतृत्वाखालील सरकारनें जुन्या भत्त्याच्या जागीं नवी परीक्षा आणून एक पंचमांश खर्च वांचविण्याचें ठरविलें. त्या खटपटींतूनच हा स्वावलंबन-भत्ता जन्मास आला. पण अपेक्षिलेली बचत झाली नाहीं, खर्च उलट वाढतच गेला. मार्च २०१६ मध्यें अर्थमंत्री जॉर्ज ऑस्बोर्न यांनीं कपडे घालण्यास व शौचास साधनें वापरणाऱ्यांचे गुण कमी करण्याचा प्रस्ताव आणला; तेव्हां त्यांच्याच पक्षाचे खातेमंत्री इयन डंकन स्मिथ यांनीं १८ मार्च रोजीं राजीनामा दिला, आणि प्रस्ताव मागें घ्यावा लागला. पक्ष बदलला, पण नऊ वर्षांनीं त्याच तारखेस तोच मार्ग पुन्हां चोखाळण्यांत आला.

गृहिणींनीं मिळविलेला हक्क

ह्या मदतीचा उगम कोठून झाला हें पाहणें आपल्या वाचकभगिनींस विशेष उद्बोधक वाटेल. दुसऱ्या महायुद्धानंतर विलायतेंत सामाजिक विम्याची जी व्यवस्था उभी राहिली, तिचा आराखडा सर विल्यम बेव्हरिज यांच्या १९४२ सालच्या अहवालांत होता, आणि १९४८ पासून ती अमलांत आली. तिचा पाया वर्गणी हा होता. जो नोकरी करील व वर्गणी भरील, त्यास आजारीपणांत पैसा मिळेल. मिळवत्या पुरुषास हें ठीकच होतें. परंतु जी बाई नुसतें घर सांभाळते तिनें वर्गणी कोठून भरावी? परिणाम असा झाला कीं, अंथरुणास खिळलेल्या गृहिणीस कांहींच मिळत नसे. तिच्या आजारानें जणूं कोणाचें काम अडलेंच नाहीं, असा त्या हिशेबाचा अर्थ होत होता.

१९६५ सालीं मेगन डू ब्वासाँ व बेरिट मूर ह्या दोन अपंग गृहिणींनीं हा अन्याय उघड्यावर मांडला. मेगन यांना मल्टिपल स्क्लेरॉसिस हा मज्जातंतूंचा दुर्धर विकार जडलेला होता. 'गार्डियन' पत्रांतील एका पत्रानें आरंभ झाला, आणि त्यांतून 'डिसेबलमेंट इन्कम ग्रूप' ही संस्था निघाली. अपंगत्व कशानें आलें व वर्गणी भरली होती कीं नाहीं हें न पाहतां, अपंग आहे एवढ्याच कारणावरून राज्यानें मदत द्यावी, ही तिची मागणी होती. १९६९ सालीं संस्थेच्या वार्षिक सभेस जात असतां मोटारीच्या अपघातांत मेगन यांचा अंत झाला. त्यानंतर दोनच वर्षांनीं, १९७१ सालीं, सतत शुश्रूषा लागणाऱ्यांसाठीं पहिला भत्ता सुरू झाला. १९७६ सालीं हिंडण्या-फिरण्यासाठीं दुसरा आला. १९९२ सालीं त्यांतून 'डिसेबिलिटी लिव्हिंग अलाउन्स' सिद्ध झाला. आणि त्याच्याच जागीं आजचा स्वावलंबन-भत्ता आहे.

तरीहि गृहिणीकडे पाहण्याची दृष्टि लवकर पालटली नाहीं. १९७५ सालीं वर्गणी न भरलेल्या अपंगांसाठीं जें पेन्शन निघालें, त्यांतून विवाहित स्त्रियांस वगळण्यांत आलें. १९७७ सालीं त्यांच्यासाठीं वेगळी सोय झाली, पण अट अशी कीं, केवळ नोकरी करतां येत नाहीं एवढें दाखवून भागणार नाहीं; नेहमींचें घरकामहि करतां येत नाहीं हें तिनें सिद्ध करून द्यावें. पुरुषास अशी अट नव्हती. १९८४ सालीं ती रद्द झाली. आजाऱ्याची सेवा करणाऱ्यास मिळणारा भत्ता १९७६ सालीं निघाला. तोहि विवाहित स्त्रीस मिळत नसे. ती घरीं असतेच, तेव्हां सेवा करीलच, मग पैसे कशाला, असा विचार! आपल्या अपंग आईची सेवा करणाऱ्या जॅकलिन ड्रेक ह्या बाईंनीं हा प्रश्न थेट युरोपीय न्यायालयापर्यंत नेला, आणि १९८६ सालीं निकाल त्यांच्या बाजूनें लागला. तेव्हांपासून विवाहित स्त्रीची सेवा ही सेवा म्हणून मानली जाऊं लागली.

हा इतिहास आठवण्याचें कारण असें कीं, २०२५ च्या बेतांत हीच जुनी दृष्टि मागल्या दारानें परत येत होती. सेवकाचा भत्ता मिळण्यास एक अट आहे: ज्याची सेवा करावयाची त्यास स्वावलंबन-भत्त्यासारखा एखादा भत्ता मिळत असला पाहिजे. म्हणून आजाऱ्याचा भत्ता गेला म्हणजे सेवा करणाराचाहि जातो. आपल्या उदाहरणांतील बाईस कपडे चढविणारी तिची मुलगी आठवड्यास निदान ३५ तास आईपाशीं असेल आणि इतर अटींत बसत असेल, तर तिला २०२५-२६ च्या दरानें ८३ पौंड ३० पेन्स मिळतात. म्हणजे तासास २ पौंड ३८ पेन्स. त्याच सालीं प्रौढ मजुराचें कायद्यानें ठरलेलें किमान वेतन तासास १२ पौंड २१ पेन्स होतें. एवढ्या अल्प मोबदल्यावर ती मुलगी काम करीत असतां, आईच्या दोन गुणांच्या फरकामुळें त्या घरांतून आठवड्यास १५७ पौंड नाहींसे व्हावयाचे. अशा सुमारें दीड लक्ष सेवकांस आपल्या मदतीस मुकावें लागेल, असा सरकारचाच अंदाज होता.

पण मदत गेली म्हणून आई स्वतः कपडे चढवूं लागेल काय? मुलगी तिला तशीच सोडून जाईल काय? दोन्ही नाहीं. काम जेथल्या तेथें राहील. फक्त त्याची नोंद सरकारी वहींतून पुसली जाईल. अंदाजपत्रकांत जी बचत म्हणून दिसते, ती त्या मुलीच्या सुटलेल्या नोकरींत, मोडलेल्या झोपेंत आणि दुखऱ्या कमरेंत खर्ची पडलेली असेल. वर सांगितलेल्या दुसऱ्या प्रकारच्या काटकसरीचें याहून स्पष्ट उदाहरण सांपडणें कठीण.

पार्लमेंटांत काय झालें?

१८ जून २०२५ रोजीं विधेयक मांडलें गेलें. दुसऱ्याच दिवशीं मजूर पक्षाच्या एक प्रतोद व्हिकी फॉक्सक्रॉफ्ट यांनीं, आपणांस ह्या कपातीच्या बाजूनें मत देतां येत नाहीं, असें सांगून राजीनामा दिला. पक्षाच्या शंभरावर सभासदांनीं विधेयक अडविण्याच्या सूचनेस संमति दिली. महिनाअखेर सरकारनें माघार घेऊन, आज ज्यांस भत्ता मिळतो त्यांस नवा नियम लागू होणार नाहीं, असें जाहीर केलें. पण ह्या सवलतीनें न्यायापेक्षां विसंगतीच वाढली. एकच रोग, एकच पीडा. पण एकीनें अर्ज आधीं केला म्हणून तिला भत्ता, आणि दुसरीचा रोग उशिरां बळावला म्हणून तिला नकार! अखेर १ जुलै रोजीं चर्चा चालू असतांनाच खात्याचे मंत्री सर स्टीफन टिम्स यांनीं स्वावलंबन-भत्त्याचें कलमच काढून टाकीत असल्याचें सांगितलें. विधेयकाचें दुसरें वाचन ३३५ विरुद्ध २६० मतांनीं संमत झालें. सरकार पक्षाचे ४९ सभासद तरीहि विरुद्ध गेले.

म्हणून कपातीचा मोठा भाग टळला, पण सगळा नव्हे. ९ जुलै रोजीं विधेयक कॉमन्स सभेंत पुरें झालें, आणि ३ सप्टेंबर २०२५ रोजीं त्याचा कायदा झाला. त्याप्रमाणें एप्रिल २०२६ पासून नव्या अर्जदारास युनिव्हर्सल क्रेडिटमधील आजारपणाची रक्कम पूर्वीच्या जवळजवळ निम्मीच मिळावयाची. आयुष्यभराच्या अतिदुर्धर विकारांनीं ग्रस्त व मरणोन्मुख अशा रोग्यांस मात्र तींतून वगळलें आहे. तारखेवरून आजाराची किंमत ठरविण्याची विसंगति येथें कायमच राहिली. स्वावलंबन-भत्त्याच्या परीक्षेचा फेरविचार सर स्टीफन टिम्स यांच्याकडे सोपविण्यांत आला. तो अपंग लोकांस बरोबर घेऊन करावयाचा, आणि त्याचा अहवाल २०२६ च्या शरदृतूपर्यंत व्हावयाचा, असें ठरलें. ज्यांच्या अंगावर नियम पडावयाचा त्यांस आधीं विचारावें, हें शहाणपण उशिरां सुचलें. तरी सुचलें हें चांगलें झालें.

आपण काय घ्यावें?

येथें एखादे वाचक म्हणतील, "ज्या देशांत आठवड्यास सत्तर पौंड मिळतात त्यांच्यासाठीं आपण कां हळहळावें? आपल्याकडे काय मिळतें तें पाहा." शंका रास्त आहे. ज्यांना आपल्या सरकारी कागदांत आतां दिव्यांग म्हणतात, त्यांच्यासाठीं केंद्र सरकारचें जें मासिक पेन्शन आहे तें २०१२ सालीं ३०० रुपये झालें, आणि २०२५ सालींहि तेवढेंच होतें. शिवाय तें दारिद्र्यरेषेखालील व शेंकडा ८० हून कमी नाहीं एवढें अपंगत्व असलेल्यांसच मिळतें. महाराष्ट्र सरकारनें आपलें मासिक साहाय्य २०२५ सालीं १,५०० वरून २,५०० रुपयांवर नेलें, हें स्तुत्य आहे. २०१६ च्या कायद्यानेंहि असें सांगितलें आहे कीं, सामाजिक सुरक्षेच्या योजनांत अपंगांस इतरांपेक्षां निदान शेंकडा २५ अधिक द्यावें. तरीहि आपल्या घरांत अपंगाच्या सेवेचा बहुतेक सारा भार आज घरच उचलतें, आणि घरांत तो कोण उचलतें हें सांगावयास नको.

पण म्हणूनच विलायतेंतील ह्या वादापासून आपणांस शिकण्यासारखें आहे. आपण ह्या सेवेस धर्म म्हणतों, कर्तव्य म्हणतों, आणि तें योग्यच आहे. मात्र धर्म म्हटल्यानें पाठ दुखावयाची राहत नाहीं. तेथील गृहिणींनीं वीस वर्षें झगडून जें राज्याच्या वहींत लिहवून घेतलें, तें आपल्याकडे अजून कोणाच्याच वहींत नाहीं. जेथें तें एकदां लिहिलें गेलें तेथूनहि तें एका अंदाजपत्रकाच्या सोयीसाठीं पुसलें जाऊं शकतें, तर जेथें तें लिहिलेंच नाहीं तेथें काय होत असेल?

तेव्हां कोणत्याहि सरकारनें, मग तें लंडनचें असो, दिल्लीचें असो वा मुंबईचें, अशी काटकसर मांडली, म्हणजे एक साधा प्रश्न विचारावा: जें काम ह्या पैशानें होत होतें तें उद्यांपासून नकोसें होणार आहे, कीं दुसऱ्या कोणीतरी फुकट करावयाचें आहे? आणि हाच प्रश्न आपल्या घरींहि विचारून पाहावा. ज्या घरांत अंथरुणावरचें माणूस आहे, तेथें त्याची सेवा करणारी सून असो, मुलगी असो वा भाऊ असो, तिचे अगर त्याचे तास घरखर्चाच्या वहींत दुधाच्या व वाण्याच्या हिशेबाशेजारीं एक महिनाभर लिहून ठेवावे. महिनाअखेर जो आंकडा होईल तो सर्वांनीं मिळून एकदां वाचावा. घरांत कोणी किती भार उचलावा ह्याची वांटणी निदान त्यानंतर तरी न बोलतां व्हावयाची नाहीं.